शेवटचे शंभर फूट : एका शिकारी रायफलीच्या भरणीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यमवयीन शिकाऱ्याचे आहे. तो राहतो तिथे हरणाची शिकार आणि घरी काडतुसे भरणे, दोन्ही परवाना घेऊन रीतसर करता येते. नावगाव काढून टाकले आहे. आकडे त्याच्या वहीतले आहेत. पावडरचे नाव आणि तिचे वजन मात्र मी मुद्दाम दिलेले नाही. एका रायफलीत सुखाने चाललेली भरणी, म्हणजे गोळी आणि पावडरचा ठरलेला मेळ, दुसरीत चालेलच याची खात्री नसते, आणि असे आकडे छापले की कोणीतरी ते जसेच्या तसे उतरवून घेतोच.

रायफल साधी, बोल्ट अ‍ॅक्शनची. दर बारानंतर बोल्टचा दांडा हाताने उचलून मागे ओढायचा. काडतूस .३०-०६ स्प्रिंगफील्ड, म्हणजे अमेरिकी लष्कराने १९०६ साली स्वीकारलेले आणि आजही शिकाऱ्यांच्या हातात असलेले. नळी २२ इंचांची आणि बारीक, कारण ती खांद्यावरून दिवसभर वाहायची असते. गोळी १६५ ग्रेनची, मऊ टोकाची, मागे निमुळती. ७००० ग्रेनचा एक पौंड होतो, तेव्हा ही गोळी पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास भरते.

कारखान्यात भरलेली काडतुसे त्याने बरीच वर्षे वापरली. १०० यार्डांवर टेबलावरून दोनेक इंचांचा गट पडायचा, म्हणजे सर्वांत लांबच्या दोन भोकांत तेवढे अंतर, आणि हरणे पडायची. तक्रार अशी नव्हतीच. रीलोडिंगकडे, म्हणजे घरी काडतुसे भरण्याकडे, तो वळला तो हौसेपायी: प्रेस (भरणीचे दाबयंत्र), डाय (साचे), तराजू, रिकाम्या पुंगळ्या साफ करून रांगेत मांडणे हे सगळे त्याला आवडते. पहिल्या काही महिन्यांत त्याने भरणीचे तक्ते देणाऱ्या पुस्तकातल्या पावडरच्या किमान वजनापासून सुरुवात करून हळूहळू वर जाण्याची शिस्त पाळली. टेबलावर एका वेळी एकच पावडर, प्रत्येक डबीवर चिठ्ठी, भरणी झाली की सगळ्या पुंगळ्यांच्या तोंडात टॉर्च मारून पावडरची पातळी बघायची. माणूस निष्काळजी नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे. पुढे जे झाले ते निष्काळजीपणाने झाले नाही.

मग त्याने गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ घेतला.

अडचण

पुस्तकात त्या गोळीला आणि त्या पावडरला कमाल भरणीवर २,९०० फूट प्रति सेकंद वेग दिला होता. त्याच्या रायफलीतून त्याच कमाल भरणीवर सरासरी २,८४० येत होते. साठ फूट कमी. हे साठ फूट त्याच्या डोक्यात बसले. आधी वाटले क्रोनोग्राफ चुकतोय. उजेडावर चालणारे यंत्र होते, उन्हात आकडा इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून शंका अगदीच वेडगळ नव्हती. दुसऱ्याच्या यंत्रावर मोजले तरी तेच. मग पावडरच्या डब्यावर संशय, मग प्रायमरवर, म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या खोबणीत बसणाऱ्या, पावडर पेटवणाऱ्या टिकलीवर. त्याने प्रायमरची जात बदलली आणि त्याच दिवशी गोळी थोडी कमी खोल बसवली. आकडा हलला, पण कशामुळे हलला हे सांगायची सोय उरली नाही.

रेंजवर एक जुने जाणते नेमबाज येतात, त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांनी वही पाहिली आणि विचारले, "पुस्तकातली नळी किती इंचांची आहे रे?"

"ते नाही बघितलं, काका."

"मग तू कोणाशी शर्यत लावलीयेस?"

तक्त्याच्या आधीच्या पानावर चाचणीच्या रायफलीची माहिती होती: नळी २४ इंच. या जातीच्या काडतुसात नळीच्या एका इंचामागे साधारण वीस ते तीस फूट वेग जातो. दोन इंचांचे चाळीस ते साठ. म्हणजे रायफलीत, पावडरमध्ये, यंत्रात कुठेच काही बिघडलेले नव्हते. कमाल भरणीवर २२ इंची नळीतून जे यायला हवे तेच येत होते.

दुर्दैवाने काकांचा प्रश्न यायच्या आधीच एक पाऊल पडून गेले होते. कमाल भरणीच्या वर त्याने थोडी पावडर वाढवली होती. अगदी थोडी, असे तो म्हणतो, आणि वहीतला आकडाही तेच सांगतो. वेग २,८९० च्या घरात गेला आणि त्याला वाटले जमले. तो दिवस थंड होता. तीच काडतुसे काही आठवड्यांनी भर उन्हात, टेबलावर तापलेल्या डबीतून काढून झाडली तेव्हा पाचव्या बारानंतर बोल्टचा दांडा वर उचलेना. एरवी दोन बोटांनी उचलला जातो तो तळहाताने ठोकून उचलावा लागला. पुंगळी बाहेर आली तेव्हा तिच्या बुडावर, अक्षरांच्या शेजारी, चकचकीत चंद्रकोरीसारखी एक खूण होती. पितळ दाबाखाली मागे सरकून इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या कळीच्या) भोकात शिरले होते आणि बोल्ट फिरताना तिथे घासले गेले होते. प्रायमरच्या कडा एरवी गोलसर असतात. इथे त्या सपाट होऊन खोबणीच्या काठाला टेकल्या होत्या. घरी गेल्यावर त्या पुंगळीत नवा प्रायमर बसवताना जो घट्टपणा हाताला लागायला हवा तो लागला नाही. प्रायमर जणू आपणहून आत गेला.

या काडतुसाला अमेरिकी उत्पादकांच्या प्रमाणानुसार सरासरी कमाल दाब ६०,००० पौंड प्रति चौरस इंच ठरलेला आहे. घरी दाब मोजायचे यंत्र सहसा कोणाकडे नसते. त्यामुळे लोक पितळावरच्या खुणांवर विसंबतात, आणि इथेच मोठी फसगत आहे. या खुणा उशिरा येतात. सपाट प्रायमर, जड बोल्ट, चकचकीत खूण हे सगळे दिसते तेव्हा बहुतेक वेळा दाब मर्यादेपलीकडे जाऊन पोचलेला असतो. काही पुंगळ्या मऊ, काही कडक. काहींवर खूण लवकर उठते, काहींवर उठतच नाही. त्या मानाने क्रोनोग्राफचा आकडा अधिक खरे बोलतो. तेवढ्याच लांबीच्या नळीतून, त्याच पावडरने, पुस्तकापेक्षा जास्त वेग मिळाला तर तो फुकट मिळालेला नसतो. दाबाच्या रूपाने त्याची किंमत कुठेतरी मोजली जात असते.

उन्हाचा भाग वेगळा. बऱ्याच पावडरी तापल्या की जास्त वेगाने जळतात. थंडीत मर्यादेच्या काठावर बसवलेली भरणी उन्हाळ्यात काठाच्या पलीकडे असते. त्याची वही हेच सांगत होती, पण तापमान कुठे लिहिलेलेच नव्हते. कोणते पान कोणत्या ऋतूतले हे त्याला आठवणीने सांगावे लागले.

अचूकतेचा दुसरा गुंता

वेगामागे लागण्याचे त्याचे समर्थन असे होते की वेगवान भरणी अचूकही होती. पुरावा म्हणून एक कागदी लक्ष्य त्याने जपून ठेवले होते: १०० यार्डांवर तीन गोळ्या, मध्यापासून मध्यापर्यंत ०.६ इंच. सुंदर गट होता, वाद नाही. पण त्याच भरणीचे आणखी गट वहीत होते: १.१, १.९, १.३. तो १.९ चा गट त्याने खोडला होता, शेजारी "वारा" असे लिहून. १.३ च्या शेजारी "हात हलला". ०.६ च्या शेजारी मात्र काहीच लिहिलेले नव्हते. तो गट त्याने रायफलीच्या नावावर जमा केला.

तीन गोळ्यांच्या गटाची गंमत अशी की तो नेहमीच कौतुक करतो. एकाच रायफलीतून, एकाच भरणीने, गोळ्यांचा विखुरलेपणा तोच राहिला तरी जितक्या जास्त गोळ्या झाडाल तितका गटाचा बाहेरचा व्यास वाढत जातो. विखुरणे सगळ्या बाजूंना सारखे धरले तर दहा गोळ्यांचा गट तीन गोळ्यांच्या गटाच्या सरासरी दीडपटीहून थोडा मोठा पडतो. तीन गोळ्यांत रायफल सरासरी एक इंच मारत असेल तर दहा गोळ्यांत ती साधारण १.६ इंच मारेल, आणि यात तिचे काहीही बिघडलेले नसते. वर एकेका तीन-गोळी गटात इतका चढउतार असतो की ०.६ आणि १.९ हे दोन्ही एकाच भरणीचे असणे पूर्णपणे शक्य आहे.

तेव्हा "ही भरणी अचूक, ती नाही" असे जे त्याने ठरवले होते त्यातले बरेचसे नशिबाच्या खेळावर बेतलेले होते. पावडर थोडी थोडी वाढवत प्रत्येक वजनाची एकेक गोळी लांबच्या लक्ष्यावर मारायची आणि जिथे गोळ्या एका उंचीवर जमतात ते वजन निवडायचे, ही क्रायटन ऑडेट यांच्या नावाने ओळखली जाणारी शिडीची पद्धतही त्याने करून पाहिली होती. एका वजनाला एक गोळी. अशा शिडीत जी सपाट पायरी दिसते ती पुन्हा चाचणी केल्यावर जागेवर राहते का, हे मात्र त्याने पाहिले नव्हते. माझ्या मते बहुतेक लोक पाहत नाहीत.

समोरचे पर्याय

जड बोल्टच्या दिवसानंतर कमालीच्या वर जायचा विषय संपला. त्यावर त्याने स्वतःच वहीत फुली मारली. उरला प्रश्न कमाल मर्यादेच्या आतला.

पुस्तकाच्या कमालीवर राहायचे आणि गोळी किती खोल बसवायची याच्याशी खेळून गट आवळायचा, हा पहिला विचार. गोळी आट्यांच्या (नळीच्या आतल्या पिळदार कंगोऱ्यांच्या) जवळ नेली तर काही रायफली सुधारतात. पण मॅगझीनमध्ये मावायला काडतुसाची एकूण लांबी मर्यादेत हवी; .३०-०६ ला ती ३.३४० इंच ठरलेली आहे. गोळी आट्यांना टेकवली तर सुरुवातीचा दाब वाढतो, हा एक धोका. दुसरा धोका शिकारीतलाच. आट्यांत रुतलेली गोळी न झाडता बोल्ट उघडला तर गोळी नळीतच राहते, पुंगळी रिकामी बाहेर येते आणि पावडर यंत्रणेत, चापाच्या कप्प्यात सांडते. संध्याकाळी परतताना रायफल रिकामी करायची त्या वेळी हे घडले तर ती रायफल त्या दिवसापुरती मोडीतच. स्पर्धेतल्या माणसाला हा त्रास नसतो. शिकाऱ्याने गोळी आणि आट्यांमध्ये अंतर ठेवावे हेच बरे.

दुसरा पर्याय हळू जळणाऱ्या पावडरीचा. पुंगळी जवळजवळ काठोकाठ भरते, दाब जरा आटोक्यात राहून वेग थोडा जास्त मिळतो, आणि वेगातला चढउतारही बऱ्याचदा कमी होतो. हा पर्याय खरोखर चांगला होता. त्याच्याकडे ती पावडर नव्हती, आणि सुरुवातीपासून सगळे पुन्हा करायला हंगामाआधी वेळ नव्हता. त्याने तो पुढच्या वर्षावर टाकला. माझे मत विचाराल तर वेगच हवा असेल तर रस्ता हाच. पावडर कोंबण्यापेक्षा पावडर बदलावी.

१५० ग्रेनची हलकी गोळी घेतली तर नळीच्या तोंडाशी वेग सहज वाढतो, पण हलकी गोळी वेग लवकर गमावते आणि वाऱ्याने जास्त ढळते. क्रोनोग्राफचा आकडा सुंदर दिसेल, ३०० यार्डांवर हाती फारसे लागणार नाही. मॅग्नम काडतुसाची रायफल घेण्याचा विचार त्याने एका संध्याकाळी केला आणि दुसऱ्या सकाळी सोडून दिला.

उरली मधली भरणी: कमालीच्या बऱ्याच खाली, वेग २,७४५ च्या आसपास. म्हणजे जवळजवळ शंभर फूट सोडून द्यायचे. हे त्याला पचत नव्हते. म्हणून काकांनी सांगितले की भांडण सोड, कागदावर मांड.

शंभर फुटांचा हिशेब

दोन्ही भरण्यांना रायफल २०० यार्डांवर शून्य केली (म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवली) असे धरून गोळीचा मार्ग काढला.

३०० यार्डांवर २,८४० वाली गोळी जवळजवळ आठ इंच खाली जाते. २,७४५ वाली त्याहून पाऊण इंचापेक्षाही कमीच जास्त खाली जाते. ४०० यार्डांवर फरक दोन इंचांच्या आत. ताशी १० मैलांचा आडवा वारा ३०० यार्डांवर गोळी सुमारे सात इंच ढकलतो. दोन भरण्यांमधला फरक अर्धा इंचही नाही. ऊर्जा नळीच्या तोंडाशी २,९५० फूट-पौंड विरुद्ध २,७६०, म्हणजे सहा-सात टक्के. ३०० यार्डांवर सौम्य भरणीचीही गोळी २,१०० फूट प्रति सेकंदाच्या आसपास पोचते. अशा मऊ टोकाच्या गोळ्या उमलायला सर्वसाधारणपणे १,८०० च्या घरातला वेग लागतो, तेव्हा तिथेही कमतरता नाही. उलट ५०-६० यार्डांवर अचानक समोर आलेल्या हरणावर जास्त वेगाची मऊ गोळी लवकर फुटते आणि खांद्याचे मांस जास्त खराब करते.

हरणाचा मर्मभाग आठ इंचांचा धरला आणि गोळी त्याच्या मध्यापासून वर-खाली चार इंचांच्या आत राहावी अशी रायफल शून्य केली, तर वर-खाली नेम न बदलता मारायचा पल्ला वेगवान भरणीला २८० यार्डांच्या आसपास येतो. सौम्य भरणीला तो दहाएक यार्डांनी कमी होतो.

दहा यार्ड! सगळा खटाटोप या दहा यार्डांसाठी चालला होता. आणि समोरच्या रकान्यात दुसरे आकडे होते. ३०० यार्डांच्या आसपास अंतराचा अंदाज २५ यार्डांनी चुकला तर गोळी जवळपास तीन इंच वर किंवा खाली जाते. वारा ताशी पाच मैलांनी चुकला तर साडेतीन इंच. हे दोन्ही तो नेहमी नजरेने ठरवत असे.

वेगातल्या चढउताराबद्दलही इथेच सांगतो, कारण रीलोडिंग करणारे त्यावर रात्री जागवतात. ३०० यार्डांवर वीस फुटांचा फरक म्हणजे उंचीत पाव इंच ते तीन दशांश इंच. हजार यार्डांच्या स्पर्धेत तो जीवघेणा असेल. हरणाच्या शिकारीत तो कुठे दिसणार?

काय केले

त्याने आधी चाचणीची पद्धत बदलली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रत्येक भरणीचा निवाडा दहा गोळ्यांवर, आणि कोणतीही गोळी खोडायची नाही. हात हलला असेल तर त्याच क्षणी, भोक दुर्बिणीतून पाहण्याआधी सांगायचे, नंतर नाही. प्रत्येक पानावर तापमान. बारीक नळी चार-पाच बारांत तापते आणि गट सरकू लागतो, म्हणून तीन गोळ्यांनंतर रायफल बोल्ट उघडा ठेवून सावलीत उभी करायची.

कमाल भरणीचा दहा गोळ्यांचा गट १०० यार्डांवर २.१ इंच आला. मधल्या भरणीचा १.४. पुन्हा एकदा दोन्ही झाडल्या: २.० आणि १.५. दोन गटांवर काही सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही, पण दोन्ही वेळा कल एकाच बाजूला होता आणि वेगवान भरणी जास्त अचूक असल्याचा दावा तरी नक्कीच टिकला नाही. मधली भरणी का आवळून पडली? धक्का थोडा कमी, म्हणून माणूस चापाखाली कमी दचकतो, हे एक कारण मला पटते. नळीच्या कंपनांचे सिद्धांत पुष्कळ आहेत. त्यातला कोणता इथे लागू होता हे शोधायची त्याला गरज नव्हती.

मग त्याने एक लक्ष्य वेगळे काढले. रेंजवर गेल्या गेल्या, थंड आणि स्वच्छ नळीतून नव्हे तर थंड आणि आधी झाडलेल्या नळीतून, पहिली गोळी त्या एकाच कागदावर मारायची, तारीख टाकायची, कागद घडी घालून ठेवायचा. पुढच्या खेपेला पुन्हा तोच कागद. हंगाम येईपर्यंत त्या कागदावर वेगवेगळ्या दिवसांचे, वेगवेगळ्या हवेतले पहिले बार जमले. शिकारीत बहुधा पहिलाच बार मिळतो, तेव्हा रायफलीची खरी पत्रिका या कागदावर असते. मधल्या भरणीचे सगळे पहिले बार दोन इंचांच्या वर्तुळात होते. भरणी ठरली ती या कागदावर, टेबलावरच्या गटावर नाही.

वाचलेली पावडर सरावात गेली. आठ इंची पोलादी थाळी २०० यार्डांवर, बसून, उभ्याने, गुडघ्यावर, काठ्यांच्या तिकाटण्यावर टेकून. इथे खरे दुखणे दिसले. टेबलावर दीड इंच मारणारा माणूस गुडघ्यावर बसून दहापैकी पाच-सहा वेळाच थाळी वाजवत होता. उभ्याने तर मोजण्यातच अर्थ नव्हता. तिकाटण्यावर बसून मारण्याचा सराव लावून धरला तेव्हा तो नऊवर आला. अंतरमापक दुर्बीण त्याने याच काळात घेतली, आणि तिकाटण्यावरून २५० यार्ड, त्यापलीकडे चाप ओढायचा नाही, अशी रेघ स्वतःला आखून दिली.

एक गोष्ट राहिली होती: कमालीच्या वर भरलेली उरलेली काडतुसे. ती डबीत होती आणि "थंडीत चालतील, तेव्हा झाडून टाकू" असे त्याच्या मनात होते. डबीवरची चिठ्ठी फिकी झाली होती आणि रंगाने ती हंगामाच्या डबीसारखीच दिसत होती. काकांनी ती डबी बघितली आणि बाकी काही न बोलता एवढेच विचारले, "ही चुकून तुझ्या मुलाच्या हातात गेली तर?" त्याच आठवड्यात त्याने एकेक गोळी पकडीने उपसून काढली, पावडर नष्ट केली. ज्या पुंगळ्यांची प्रायमरची खोबण सैल झाली होती त्या चेचून भंगारात टाकल्या, म्हणजे पुन्हा कोणी उचलू नयेत.

निकाल

त्या हंगामात त्याने दोन हरणे मारली, एक १४० यार्डांवर आणि एक २१० वर. दोन्ही वेळा तिकाटणे लावायला वेळ मिळाला. पहिले जागीच बसले, दुसरे तीस-चाळीस पावले जाऊन पडले. दोन्हींत गोळी आरपार गेली. या दोन शिकारींत शंभर फूट जास्त असते तरी काही वेगळे झाले नसते, आणि कमी असते तरी नाही.

तिसरे हरीण ३३० यार्डांवर होते, दरीच्या पलीकडच्या उतारावर, वारा मधूनच वळत होता. त्याने दुर्बीण खाली ठेवली. यावर त्याचे अजून स्वतःशीच भांडण आहे. वेगवान भरणी असती तर मारले असते, असे तो कधीकधी म्हणतो. हिशेबाचे पान समोर ठेवले की गप्प बसतो, कारण तिथे अडसर वाऱ्याचा होता आणि शंभर फुटांनी वारा अर्धा इंचही कमी झाला नसता.

थंडीत वेग २,७४५ वरून सुमारे तीस फुटांनी घसरला. रायफलीचा २०० यार्डांवरचा नेम पुन्हा तपासून पाहिला, फरक बोटभरही नव्हता, त्याने रायफलीवरची दुर्बीण हलवलीच नाही. पुंगळ्या आता तेवढ्याच प्रेमाने पण जास्त वेळा वापरता येतात. कमाल भरणीवर प्रायमरची खोबण लवकर सैल व्हायची.

वेगळे काय करता आले असते

पहिले पान. तक्त्याआधी छापलेली चाचणीच्या रायफलीची माहिती, नळीची लांबी, प्रायमर, पुंगळीची बनावट हे वाचले असते तर साठ फुटांचे कोडे उद्भवलेच नसते. पुस्तकातला वेग हे कबूल केलेले देणे नसते. तो कोणत्या तरी दुसऱ्या नळीतून निघालेला आकडा असतो.

प्रायमर आणि गोळीची खोली एकाच दिवशी बदलल्यामुळे चाचण्यांची बरीच पाने वाया गेली. प्रायमर बदलला तर दाबही बदलू शकतो, म्हणून तो बदलताना पावडर खाली आणून पुन्हा वर चढायला हवे होते. ते त्याने केले नाही. काही झाले नाही हे खरे, पण ते त्याच्या पद्धतीमुळे नव्हे.

सर्वांत महत्त्वाचे वळण माझ्या मते जड बोल्टच्या दिवसाच्या आधीचे आहे. २,८९० चा आकडा थंडीत पहिल्यांदा दिसला तो क्षण. २४ इंची नळीतून २,९०० देणारी कमाल भरणी, आणि त्याची २२ इंची नळी २,८९० देतेय: या एका वाक्यात सगळा इशारा होता. पितळावर काहीच दिसत नव्हते म्हणून तो पुढे गेला. वेगाचा आकडा हा दाबाचा इशारा आहे असे तेव्हा त्याने धरले असते तर पुंगळीवरची चंद्रकोर बघायची वेळ आली नसती.

एका बाबतीत मी त्याच्याशी सहमत नाही. तो म्हणतो सरावाला उशीर झाला, टेबलावरचे सगळे महिने फुकट गेले. मला तसे वाटत नाही. दहा-दहा गोळ्यांच्या गटांशिवाय आणि त्या घडीच्या कागदाशिवाय त्याला आपली रायफल पुरेशी चांगली आहे हे कळले नसते, आणि ते कळल्याशिवाय तो स्वतःकडे वळला नसता. फक्त हंगामाच्या आधी भरणी ठरवण्याची एक तारीख घालून द्यायला हवी होती. ती गाठली की प्रेसवर कापड टाकायचे.

पुढच्या हंगामासाठी त्याने हळू जळणारी पावडर आणली आहे. डबा नवा, पावडर नवी, म्हणून तो पुस्तकातल्या किमान वजनापासून पुन्हा सुरू करतोय. वहीत या वेळी पहिला रकाना तापमानाचा आहे आणि दुसरा नळीच्या लांबीचा, दोन इंच वजा करून.